सरासरी नको, मधला माणूस दाखवा



आमच्या मुरबाड तालुक्यात म्हसा गावी पौष महिन्यात म्हसोबाची यात्रा भरते. घोंगड्यांचा बाजार आणि बैलबाजार यासाठी ती घाटाच्या वरही माहीत आहे. समजा, या बाजारात एका झाडाखाली नऊ बैलजोड्या विकल्या गेल्या. आठ जोड्यांना ४०, ४५, ५०, ५०, ५५, ६०, ६० आणि ६५ हजार मिळाले. नववी जोडी कुणा हौशी माणसाने शर्यतीसाठी २ लाख ९५ हजारांना नेली. सगळ्यांची बेरीज ७ लाख २० हजार. नऊने भागले की सरासरी ८० हजार. दुसऱ्या दिवशी गावोगाव बातमी जाते, "म्हशाला औंदा बैलजोडी ८० हजाराने गेली."

खरे पाहता ८० हजाराने एकही जोडी गेलेली नाही. नऊपैकी आठ शेतकऱ्यांच्या हातात ८० हजारांपेक्षा कमी पडले. आता याच नऊ जोड्या किमतीप्रमाणे ओळीने उभ्या करा आणि मधली, म्हणजे पाचवी, जोडी पाहा. तिची किंमत ५५ हजार. चार तिच्या खाली, चार तिच्या वर. बाजारात साध्या शेतकऱ्याला काय मिळाले हे ही पाचवी जोडी सांगते, सरासरी सांगत नाही. या मधल्या आकड्याला गणिताच्या पुस्तकात 'मध्यक' म्हणतात.

आज या मध्यकाबद्दल लिहायचे आहे. तुम्ही म्हणाल, कापसाच्या भावाचे बोला, ज्वारीच्या विम्याचे बोला, हे गणित कशाला? तर भाव, विमा, जमिनीचा मोबदला, शेतकऱ्याचे उत्पन्न, हे सगळे आपल्यासमोर येते ते आकड्याच्या रूपाने. तो आकडा कसा काढला हे ज्याला कळत नाही, त्याला समोरचा म्हणेल ते मान्य करावे लागते. तुमच्याकडे कापूस आणि ज्वारी, आमच्याकडे शहापूर-मुरबाडला भात, नागली आणि वरई. पीक वेगळे, पण फसवणारा हिशेब एकच आहे.

आमच्या तालुक्यांचेच पाहा. शहापुरात तानसा आहे, भातसा आहे. मुंबईचे पाणी इथून जाते. पाऊस तुमच्या विदर्भ-मराठवाड्याहून कितीतरी जास्त. सरासरीने पाहिले तर आमच्यासारखा पाणीदार तालुका नाही. आणि तरी एप्रिल-मे महिन्यात इथल्या गावपाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. चार महिन्यांचा पाऊस बारा महिन्यांवर पसरला आणि मुंबईला जाणारे पाणी तालुक्याच्या खात्यावर मोजले, की कागदावर कुणीच तहानलेले राहत नाही.

कप्प्यातली माणसे

नऊ जोड्यांचा मध्यक काढणे सोपे आहे. ओळीने लावा, मधली पाहा. पण सरकारी अहवालात किंवा बाजाराच्या नोंदीत एकेका माणसाचा आकडा आपल्याला मिळत नाही. तिथे माणसे कप्प्यांत टाकलेली असतात. या कप्प्यात इतके, त्या कप्प्यात तितके. अशा तक्त्यातून मधला माणूस कसा शोधायचा?

कापसाचेच उदाहरण घेऊ. आकडे समजावून सांगण्यासाठी धरलेले आहेत. एका बाजारात एका दिवशी कापसाच्या १०० गाड्या आल्या. क्विंटलच्या भावाप्रमाणे त्यांचे कप्पे असे:

६,००० ते ६,५०० रुपये: २२ गाड्या
६,५०० ते ७,००० रुपये: ३८ गाड्या
७,००० ते ७,५०० रुपये: २४ गाड्या
७,५०० ते ८,००० रुपये: १२ गाड्या
८,००० ते ८,५०० रुपये: ४ गाड्या

१०० गाड्यांचे निम्मे ५०. खालून मोजत चला. पहिल्या कप्प्यात २२ गाड्या संपल्या. दुसरा कप्पा संपेपर्यंत ६० झाल्या. म्हणजे पन्नासावी गाडी दुसऱ्या कप्प्यात आहे. ती त्या कप्प्यात किती आत आहे? पन्नासातून आधीच्या २२ वजा केल्या की उरल्या २८. म्हणजे या कप्प्यातल्या ३८ गाड्यांपैकी २८ गाड्या ओलांडल्या की आपण मध्यावर पोहोचतो. कप्प्याची रुंदी ५०० रुपये. ५०० ला २८ ने गुणून ३८ ने भागले की आले ३६८. कप्प्याची खालची कड ६,५००, त्यात ३६८ मिळवले. मध्यक आला ६,८६८ रुपये.

एवढेच ते गणित. निम्मी संख्या काढा, मधला कप्पा शोधा, आधी जमलेले वजा करा, उरलेल्याच्या प्रमाणात कप्प्यात पुढे सरका. आपल्या राज्याच्या दहावीच्या गणितात हे आहे. तुमच्या घरात दहावीला मुलगी असेल तर तिला हा तक्ता द्या. पाच मिनिटांत ती उत्तर काढील. शाळेत ती परीक्षेच्या गुणांसाठी हे शिकते. हेच गणित बापाच्या कापसाला लावायचे असते, हे तिला कुणी सांगितलेले नसते.

आता याच १०० गाड्यांची बाजारात बातमी कशी होईल ते पाहा. फलकावर तीन आकडे असतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. किती गाड्या कोणत्या भावाने गेल्या, हे फलकावर नसते. वाचणारा माणूस किमान ६,००० आणि कमाल ८,५०० पाहतो, दोन्हींच्या मध्ये बोट ठेवतो आणि मनाशी म्हणतो, कापूस सव्वासात हजारांच्या आसपास आहे. पण १०० पैकी ७२ गाड्या त्या ७,२५० च्या खाली गेल्या आहेत. किमान-कमालचा मध्य म्हणजे मध्यक नव्हे. चार चांगल्या गाड्यांनी ती कमाल वर ओढली आणि भाव बरा असल्याचा भास झाला. ज्याची गाडी ६,७०० ने गेली तो बिचारा स्वतःच्याच मालाला दोष देत घरी जातो. आपल्यासारखे निम्म्याहून जास्त आहेत, हे त्याला कळतच नाही.

याच तक्त्यातून दुसरा प्रश्नही विचारता येतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये जाहीर झाला होता. आपल्या तक्त्यात किती गाड्या त्याच्या खाली? पहिल्या तीन कप्प्यांतल्या ८४ आणि चौथ्यातल्या अंदाजे ५, एकूण ८९. 'सरासरी भाव काय निघाला' या चर्चेत रात्र घालवण्यापेक्षा 'शंभरातल्या किती गाड्या हमीभावाखाली गेल्या' हा एक प्रश्न जास्त कामाचा आहे. त्याचे उत्तर सरासरीतून मिळत नाही. ते कप्प्यांच्या तक्त्यातूनच मिळते. म्हणून मागायचा असतो तो तक्ता.

तक्ता मागताना आणखी एक गोष्ट पाहा. गाड्या मोजल्या की क्विंटल मोजले? व्यापाऱ्याचा भरलेला ट्रक आणि शेतकऱ्याचा छोटा टेम्पो दोन्ही एकेक गाडीच. क्विंटलने मोजले तर मोठ्या मालाचे वजन हिशेबात जास्त पडते. माणसाने मोजले तर प्रत्येक शेतकरी एक. कोणती मोजणी हवी, हे प्रश्नावर ठरते. शेतकऱ्याचे हाल मोजायचे असतील तर शेतकरी मोजा.

अडीच एकरांचा शेतकरी कुठे आहे?

आता खरे आकडे घेऊ. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशात सुमारे १४ कोटी ६४ लाख वहितीची खाती होती आणि सरासरी खाते १.०८ हेक्टरचे, म्हणजे दोन एकर २७ गुंठ्यांचे. शहरातला माणूस हा आकडा वाचतो आणि त्याच्या डोळ्यांसमोर अडीच-पावणेतीन एकरांचा शेतकरी उभा राहतो. आता कप्पे पाहा:

१ हेक्टरपर्यंत: ६८.५ टक्के खाती, २४ टक्के जमीन
१ ते २ हेक्टर: १७.६ टक्के खाती, २२.९ टक्के जमीन
२ ते ४ हेक्टर: ९.५ टक्के खाती, २३.८ टक्के जमीन
४ ते १० हेक्टर: ३.८ टक्के खाती, २०.२ टक्के जमीन
१० हेक्टरच्या वर: ०.६ टक्के खाती, ९.१ टक्के जमीन

मधला शेतकरी पन्नास टक्क्यांवर. तो पहिल्याच कप्प्यात सापडतो. मघाच्याच रीतीने ५० ला ६८.५ ने भागा. मध्यक आला ०.७३ हेक्टर, म्हणजे एक एकर ३२ गुंठे. सरासरी शेतकऱ्यापेक्षा मधल्या शेतकऱ्याकडे पाऊण एकराहून जास्त जमीन कमी आहे.

पण इथे थांबू नका. कप्प्यातून मध्यक काढताना आपण एक गोष्ट गुपचूप धरून चाललो आहोत. ती म्हणजे कप्प्यातली माणसे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्या अंतराने बसली आहेत. कापसाच्या ५०० रुपयांच्या अरुंद कप्प्यात हे चालून जाते. जमिनीच्या पहिल्या कप्प्यात ते खरे आहे का? तपासता येते. माणसे सारखी पसरलेली असती तर त्या कप्प्यातले सरासरी खाते अर्ध्या हेक्टरचे भरले असते. पण त्या कप्प्यातली जमीन खात्यांवर भागली तर दर खात्याला सुमारे ०.३८ हेक्टर येते, एक एकरही नाही. म्हणजे कप्प्यातली बहुतेक माणसे खालच्या टोकाला दाटीने बसली आहेत. तेव्हा खरा मध्यक ०.७३ हेक्टरच्याही खाली असणार. सूत्राने दिलेला आकडा हा अंदाज आहे आणि कप्पा जितका रुंद तितका अंदाज ढिला. ज्या तक्त्यात निम्म्याहून जास्त माणसे एकाच कप्प्यात कोंबलेली आहेत, तो तक्ता मधल्या माणसाबद्दल फार थोडे सांगतो. अशा वेळी मागणी एकच करायची: कप्पे लहान करा.

शेवटचा कप्पाही पाहा. '१० हेक्टरच्या वर' म्हणजे किती? अकरा की एकशे अकरा? त्या कप्प्याला वरची कडच नाही. नुसत्या खात्यांच्या तक्त्यावरून सरासरी काढायची तर तिथे मनाने आकडा घालावा लागतो आणि तो बदलला की सरासरी बदलते. मध्यकाला त्याची गरज लागत नाही. वरच्या माणसाकडे अकरा हेक्टर असोत की हजार, मधला माणूस जागचा हलत नाही. मध्यकाचा हा मोठा गुण.

महाराष्ट्रात १९७०-७१ साली सरासरी खाते ४.२८ हेक्टरचे होते. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टर झाले. साडेदहा एकरांचे सव्वातीन एकर. हा आकडासुद्धा सरासरीच आहे आणि मधला माणूस तिच्याही खाली आहे. ज्यांचे खातेच नाही ते तर या तक्त्यात कुठेच नाहीत. आमच्याकडचा कातकरी मजूर, वर्षानुवर्षे जमीन कसून वनपट्टा न मिळालेला आदिवासी, सातबारावर नाव नसलेली मायबहीण, यांना कुठल्या कप्प्यात शोधणार? मध्यक सरासरीपेक्षा प्रामाणिक आहे हे खरे, पण मोजलेल्या माणसांपुरताच.

उत्पन्नाची तीच गोष्ट. केंद्र सरकारच्या पाहणीप्रमाणे शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न २०१२-१३ मध्ये ६,४२६ रुपये होते आणि २०१८-१९ मध्ये १०,२१८ रुपये. त्या १०,२१८ मध्ये मजुरीचे ४,०६३ आणि पिकाचे ३,७९८. शेतकरी म्हणून मोजलेल्या कुटुंबाला पिकापेक्षा मजुरीतून जास्त मिळते, हे सरकारच सांगते. २०१६ साली घोषणा झाली की २०२२ पर्यंत शेतकऱ्यांचे उत्पन्न दुप्पट करू. कोणाचे? सरासरी दुप्पट करायला मधल्या माणसाच्या उत्पन्नात एक रुपयाही वाढावा लागत नाही. वरच्या थोड्यांचे पुरेसे वाढले तरी सरासरी चढते. पुढच्या वेळी अशी घोषणा ऐकली की सभेत एकच प्रश्न विचारा: सरासरी दुप्पट की मध्यक दुप्पट?

विम्याचे कोडे

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, चला, सगळीकडे सरासरी काढून टाका आणि मध्यक लावा. तेवढे सोपे नाही. पीकविम्याचे उदाहरण घेऊन सांगतो.

पीकविम्यात तुमच्या एकट्याच्या शेताचे उत्पन्न पाहत नाहीत. मंडळात किंवा गावात ठरावीक शेतांवर पीक कापणी प्रयोग होतात, त्यांची सरासरी काढतात आणि ती उंबरठा उत्पन्नाशी ताडून पाहतात. सरासरी उंबरठ्याच्या खाली गेली तरच भरपाई. कापणी प्रयोगांची ही शास्त्रीय पद्धत आपल्या देशात १९४० च्या दशकात बसवली गेली. ती बसवणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे होते. कापसाच्या संशोधनात इंदूरला काम केलेले विनायक गोविंद पानसे यांच्याबरोबर त्यांनी शेतीच्या संख्याशास्त्रावर लिहिलेले पुस्तक १९५४ साली आले आणि पिढ्यान्पिढ्या अभ्यासले गेले. त्या पद्धतीचा मूळ हेतू देशात धान्य एकूण किती पिकले हे काढणे हा होता. एकूण काढायचे तर सरासरीच लागते. एकरी सरासरीला एकरांनी गुणले की एकूण उत्पादन मिळते. मध्यकाला गुणून ते मिळत नाही. म्हणजे त्या कामाला सरासरी योग्यच होती. घोटाळा होतो तो त्याच सरासरीने एकेकट्या शेतकऱ्याचे नुकसान मोजायला गेले की.

समजा मंडळात ज्वारीचे दहा प्रयोग झाले. एकरी क्विंटल असे आले: १, १, १.५, १.५, २, २, २.५, ८, ९, ९.५. शेवटची तीन शेते ओलिताची, नाहीतर नदीकाठच्या भारी काळ्या जमिनीची. बेरीज ३८, सरासरी ३.८. उंबरठा ३.५ असेल तर मंडळात नुकसान नाही, भरपाई शून्य. पण दहापैकी सात शेते उंबरठ्याच्या खूप खाली आहेत. मध्यक आहे २. मध्यक लावला असता तर मंडळाला भरपाई मिळाली असती.

आता दुसरे वर्ष घ्या. चार शेतांवर गारपीट झाली, ज्वारी शून्य. उरलेल्या सहा शेतांत ४ क्विंटल. सरासरी २.४, उंबरठ्याच्या खाली, भरपाई मिळते. पण मध्यक आहे ४. मध्यक लावला असता तर ते चार बुडालेले शेतकरी तसेच राहिले असते, कारण मध्यकाला निम्म्याच्या खालच्या माणसाचे दुःख दिसत नाही.

म्हणून मध्यक लावा अशी सरसकट मागणी करून आपलेच पाय कापून घेऊ नका. मागणी अशी हवी की दहाही प्रयोगांचे आकडे, शेताच्या प्रतीसह, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. आकडे समोर असले की सरासरी कोणी वर ओढली हे शेंबडे पोरही सांगेल. ओलिताची आणि कोरडवाहू शेते एकाच टोपलीत घालू नका, त्यांचे हिशेब वेगळे करा, ही मागणी त्यातूनच निघते.

जमिनीचा मोबदला आणि कायद्यातला मधला दस्त

आता आमच्या भागातला सर्वांत जिव्हाळ्याचा विषय. नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा, जालना असा तुमच्या कापसाच्या रानातून येऊन शहापूर तालुक्यातून भिवंडीजवळ आमणे इथे संपतो. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. तुमची आणि आमची जमीन एकाच रस्त्याखाली गेली आहे. पुढेही रस्ते, रेल्वे, धरणे येतच राहणार. तेव्हा हा हिशेब पाठ करून ठेवा.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने, जो १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला, जमिनीचा बाजारभाव ठरवण्याची रीत कलम २६ मध्ये दिली आहे. मुद्रांक शुल्काचा दर, जवळपासच्या तशाच जमिनींच्या विक्रीची सरासरी किंमत, आणि संमतीने ठरलेली रक्कम, या तिन्हींत जी जास्त ती धरायची. विक्रीची सरासरी कशी काढायची तेही कायद्यात लिहिले आहे. आधीच्या तीन वर्षांतले खरेदीखते आणि साठेखते यांचे नोंदलेले दस्त घ्यायचे आणि त्यातले जास्त किमतीचे निम्मेच दस्त हिशेबात धरायचे.

नीट पाहा. कायद्याने इथे 'मध्यक' हा शब्द वापरलेला नाही, पण काम मध्यकाचेच आहे. दस्त किमतीप्रमाणे ओळीने लावा, मध्यावर रेघ मारा, रेघेच्या वरच्यांची सरासरी घ्या. समजा दहा दस्त आहेत, एकरी लाखांत: ८, ९, १०, ११, १२, १४, १६, २०, २४, ३६. सगळ्यांची सरासरी १६ लाख. मध्यक १२ आणि १४ च्या मध्ये, १३ लाख. वरच्या पाचांची सरासरी २२ लाख. कायदा सांगतो तो आकडा २२ चा. कोणी दहाही दस्तांची सरासरी मांडून १६ लाख पुढे केले तर एकरामागे ६ लाख गेले. त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम धरली की १२ लाख गेले. ग्रामीण भागाचा गुणक जितका मोठा तितका फरक आणखी वाढतो.

म्हणून चार गोष्टी विचारा. एक, जमीन कोणत्या कायद्याखाली घेताय? थेट खरेदीत किंमत वाटाघाटीने ठरते, तिथे हा हिशेब तुमच्या हातातले हत्यार म्हणून वापरावा लागतो. दोन, दस्तांची पूर्ण यादी द्या. कप्प्यांचा तक्ता चालणार नाही. तक्त्यातून मधली रेघ अंदाजाने मारावी लागते, यादीतून ती अचूक मारता येते. यादी हजर असताना अंदाज स्वीकारू नका. तीन, एखादा दस्त बाजारभाव दाखवत नाही म्हणून गाळला असेल तर कोणता आणि का, ते लेखी द्या. चार, वरचे निम्मेच धरले आहेत ना, ते आपल्या डोळ्यांनी मोजा.

आणि एक आपल्यालाही ऐकावे लागेल. आपण जमीन विकताना मुद्रांक वाचवायला दस्तावर रेडीरेकनरपुरता आकडा लिहितो, उरलेले पैसे पिशवीत घेतो. ती पिशवी पाच वर्षांनी शेजाऱ्याच्या, कधी आपल्याच भावाच्या मोबदल्यातून कापली जाते. कारण त्याच्या हिशेबाला आपलाच खोटा दस्त लागतो. वरचे निम्मे घेण्याची तरतूद चांगली खरी, पण सगळेच दस्त कमी किमतीचे असतील तर वरचे निम्मेही कमीच निघणार.

अडाण्यांचा अंदाज

शेवटी एक जुनी गोष्ट. १९०६ साली इंग्लंडात प्लिमथ इथल्या जनावरांच्या प्रदर्शनात एका बैलाच्या मांसाचे वजन किती भरेल याची पैज लागली. शेतकरी, खाटीक, बघे, सर्वांनी तिकिटावर आपापला अंदाज लिहिला. फ्रान्सिस गाल्टन नावाच्या शास्त्रज्ञाने त्यातली वाचता येणारी ७८७ तिकिटे मिळवली, ओळीने लावली आणि मधले तिकीट पाहिले. त्यावर १,२०७ पौंड लिहिलेले होते. खरे वजन भरले १,१९८ पौंड. नऊ पौंडांचा फरक. लोकांच्या शहाणपणावर त्याचा आधी फारसा विश्वास नव्हता. मध्यकच का घेतला, याचे त्याचे उत्तर असे की त्यात प्रत्येक तिकिटाला सारखेच मत मिळते. एखाद्याने वेड्यासारखा भलताच आकडा लिहिला तरी तो सगळ्यांना आपल्या बाजूला ओढू शकत नाही.

सरासरीत ज्याच्याकडे जास्त त्याचे वजन जास्त. मध्यकात एक माणूस, एक मत. आपल्या चळवळीला कोणता हिशेब जवळचा, हे सांगायला नको.

या मेळाव्यात प्रत्येक तालुक्याने तीन ठराव मांडावेत असे सुचवतो. पहिला, बाजार समितीने रोजच्या फलकावर किमान-कमालच्या जोडीला कोणत्या भावाने किती शेतकऱ्यांचा माल गेला याचा कप्प्यांचा तक्ता आणि मध्यक लावावा. दुसरा, पीक कापणी प्रयोगांचे प्रत्येक शेताचे आकडे गावात जाहीर व्हावेत आणि कोरडवाहू-ओलिताचे हिशेब वेगळे व्हावेत. तिसरा, भूसंपादनाच्या प्रत्येक नोटिशीबरोबर दस्तांची पूर्ण यादी गावाला मिळावी.

आणि ठराव मंजूर होईपर्यंत वाट पाहत बसू नका. पुढच्या बाजाराला गावातल्या दहावीच्या चार पोरापोरींना वही-पेन्सिल घेऊन बरोबर न्या. गेलेल्या प्रत्येक गाडीचा भाव त्यांना लिहून घ्यायला सांगा आणि संध्याकाळी चावडीवर मध्यक काढा. फलकावरच्या आकड्यात आणि त्यांच्या वहीतल्या आकड्यात किती अंतर पडते, ते पुढच्या जिल्हा मेळाव्यात सांगा.